तुळईला टांगलेला कॅमशाफ्ट

जगात जेवढं म्हणून मोजता येतं तेवढं सगळं माझ्या थोरल्या दिरांनी मोजून ठेवलेलं आहे, आणि तरीही त्यांचा एकाही गोष्टीवर भरवसा नाही. आमच्या उंबऱ्याची उंची, अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याचा घेर, पाण्याच्या टाकीच्या झाकणाची जाडी, सगळं त्यांच्या वहीत आहे. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा घरातल्या बाकीच्यांनी घराणं विचारलं, शेती विचारली. दीर मात्र गुपचूप बाहेर गेले, मुलाच्या मोटरसायकलची चेन किती ढिली आहे ते बोटानं दाबून, पट्टी लावून बघितलं आणि आत येऊन म्हणाले, "पोरगा निगा राखणारा हाय. द्या." मुलगी दिली, आणि आजवर त्या घरात सुखी आहे, म्हणजे माप चुकलं नव्हतं. तरी लग्नाच्या मांडवात ते पुन्हा एकदा चेन बघून आले होते.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक सरकती पोलादी पट्टी असायची. तिला व्हर्निअर म्हणतात. केसाएवढं अंतरसुद्धा तिच्यावर कळतं. सरकी काढायच्या जिनिंगमध्ये ते वीसबावीस वर्षं इंजिनवर होते. ते जिनिंग बंद पडलं तेव्हा मालकानं सगळ्या कामगारांना आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा म्हटलं. कोणी पंखा नेला, कोणी खुर्ची नेली, दिरांनी ही पट्टी आणली आणि तिच्यासाठी आक्कांच्या लग्नातल्या शालूच्या काठाची पिशवी शिवून घेतली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या म्हणायच्या, "माझ्या अंगाला लागला न्हाई तेवढा शालू त्या सळईला लागला." जेवायला बसलं की दीर भाकरीचा पदर उचलून जाडी बघायचे. "परवा पाच होती. आज सात हाय." आक्का तव्यावरून मान न वळवता म्हणायच्या, "मग परवाचीच खा."

मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यांच्याविषयी मी लिहावं हे खरं तर शोभत नाही, कारण आमच्या घरात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. मी मुळातच बुजरी, त्यामुळं हा रिवाज मला कधी जड गेला नाही. दीर अंगणात यायच्या आधी खोकायचे, मी पदर सावरून आत सरकायचे. त्यांना काही हवं असलं तर ते हवेत बघून म्हणायचे, "घरातल्यांना सांगा, चहा टाकायला." घरातले म्हणजे मी. आक्कांना ते "अगं" म्हणायचे, त्यामुळं घोटाळा होत नसे. मला काही सांगायचं असलं की मी चुलीला सांगायचे, नाहीतर माठाला, आणि ते बाहेर बसून ऐकायचे. "साखर संपली गं बाई," असं मी माठाला म्हटलं की दुपारपर्यंत साखर यायची. एकोणीस वर्षं आमचं असं चाललं होतं, आणि एकोणीस वर्षांत आमच्यात एकदाही गैरसमज झाला नव्हता. नवराबायकोचंसुद्धा इतकं सुरळीत चालत नाही.

आमचा एक ट्रक आहे. तो माझे मालक चालवतात, म्हणजे दिरांचे धाकटे भाऊ. दसऱ्यानंतर उसाचा हंगाम, तो संपला की कांदा, कापूस, कधी विटा. गाडी दोघा भावांची, पण दिरांनी तिचं स्टिअरिंग कधी हातात धरलं नाही. त्यांना भीती वाटायची. नुसती चालवायची नव्हे, ब्रेकची, उताराची, समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोची. ते शेजारी बसायचे आणि इंजिनच्या झाकणाला कान लावून केजपासून कारखान्यापर्यंत जायचे. रस्त्यावरून आमची गाडी येतेय हे त्यांना घरातल्या कुणाहीपेक्षा आधी कळायचं. एकदा अंघोळ अर्धी टाकून, अंगाला साबण तसाच, टॉवेल गुंडाळून ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले, कारण तिसऱ्या सिलिंडरचा आवाज त्यांना बसल्यासारखा वाटला होता. मालक गाडी थांबवून म्हणाले, "दादा, आख्खं गाव बघतंय." दीर म्हणाले, "गावाला बघू दे. तू बंद करू नको, मला ऐकू दे."

एका हंगामात धारूरच्या घाटात उसानं भरलेली आमची गाडी एका वळणावर दम तोडून उभी राहिली. मागं दरी, वर ऊस, आणि मालक दोन्ही पाय ब्रेकवर रोवून बसलेले. ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांनी खाली उड्या टाकून चाकांखाली दगड लावले म्हणून गाडी राहिली. दीर तेव्हा शेजारीच होते. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी काही मोजलं नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री लिहिलं आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "गाडीला श्वास कमी पडतोय. धाकट्याला पुन्हा त्या वळणावर थांबू देणार न्हाई."

तिथून ती आखणी सुरू झाली. आमच्या घरात लेकीच्या लग्नाची बोलणी चार दिवसांत उरकली, पण ही आखणी तीन वर्षं चालली. इंजिनमध्ये कॅमशाफ्ट नावाचा एक लांब दांडा असतो. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा वर येतो, व्हॉल्व्ह नावाची छोटी झडप उघडते आणि इंजिन हवा आत घेतं. उंचवटा मोठा केला तर झडप जास्त उघडते. झडपा ज्या लोखंडी झाकणात बसतात ते हेड. दिरांचा बेत असा होता की मोठ्या झडपांचं हेड आणि मोठ्या उंचवट्यांचा कॅमशाफ्ट आपल्या जुन्या इंजिनवर बसवायचा. हे सगळं मला कळलं ते चुलीपाशी बसून, कारण त्यांनी ते आक्कांना लाटण्यावर करून दाखवलं होतं. लाटण्याला कणकेचे गोळे चिकटवले, लाटणं फिरवलं, गोळा वर आला आणि त्यानं पळी उचलली. "हे लाटणं म्हंजे कॅमशाफ्ट. ही पळी म्हंजे व्हॉल्व्ह. कळलं?" आक्का म्हणाल्या, "कळलं. आन स्वैपाक कशानं करू, तेबी सांगा."

वहीत त्यांनी जे जे चुकू शकतं ते सगळं लिहायला घेतलं. हेड चिरलेलं असलं तर. पाणी गळलं तर. बोल्ट आवळताना तुटला तर. सेहेचाळीस चिंता झाल्या तेव्हा त्यांनी शाळेतल्या गुरुजींना बोलावून त्या तपासून घेतल्या, आणि गुरुजींना सत्तेचाळिसावी सुचली म्हणून त्यांना जेवू घातलं. मोबाईलवर ते परदेशातल्या गॅरेजची चित्रं बघायचे. भाषा एक अक्षर कळायची नाही. ते म्हणायचे, "तोंडाकडं बघायचंच न्हाई. हाताकडं बघायचं. हात खोटं बोलत न्हाईत."

दीड वर्षानं भंगारातून एक हेड आणि एक कॅमशाफ्ट मिळाला. हेड आक्कांच्या गोधडीत गुंडाळून खाटेवर ठेवलं आणि दीर स्वतः खाली चटईवर झोपायला लागले. कॅमशाफ्टचं वेगळंच. तो आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकतो म्हणे, एका केसाएवढा. म्हणून तो तेल लावून घराच्या मधल्या तुळईला उभा टांगला. आमच्या घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याला डोकं आपटायचा आणि मग रामराम करायचा. एकदा आक्कांनी बरी जागा आहे म्हणून त्याच्या दोरीला लसणाची जुडी अडकवली. दीर शेतातून आले, ते बघितलं आणि जागच्या जागी खाली बसले. "अगं, वाकंल ना ते!" "लसणानं?" "अर्धा किलो हाय!" त्यांनी लसूण तोलून बघितला. पाऊण किलो निघाला. ते दोन दिवस जेवले नाहीत नीट.

दसऱ्याला हेडला आणि कॅमशाफ्टला झेंडू वाहिले, आपट्याची पानं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी केजचे गॅरेजवाले चाचा येऊन त्यांनी लिंबाखाली ट्रकचं इंजिन उघडलं. चाचा म्हणजे वयानं दिरांच्या बरोबरीचे, पान खाणारे, आणि मापापेक्षा अंदाजावर जास्त विश्वास असलेले. एवढी वर्षं त्यांनी वाट बघितली होती. "क्या दादा, आखिर निकला मुहूरत," ते म्हणाले. "मैं तो समझा, मेरे पोते खोलेंगे ये इंजन."

उघडलेलं इंजिन अंगणात बघणं फार वाईट. आमचं सगळं घर ज्याच्यावर चालतं ते आतून एवढं काळं आणि एवढं साधं असेल असं मला वाटलं नव्हतं. सोमवारी मालकांनी गाडी घेऊन कारखान्यावर निघायचं होतं, टोळी ठरलेली होती. मी येता-जाता पदराआडून बघायचे. दिरांच्या वहीतली एक चिंता मी चोरून वाचली होती, कारण तेवढी अक्षरं मला येतात. लिहिलं होतं, "व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर इंजिन जागेवर मोडेल. घाटात इंजिन बंद, तर ब्रेकची हवा संपेल. मग धाकटा." पुढं काहीच लिहिलं नव्हतं. त्या माणसानं आयुष्यात अर्धवट सोडलेलं ते एकच वाक्य असेल.

त्यासाठी एक परीक्षा असते. खालून पिस्टन नावाचा लोखंडी दट्ट्या वर येतो, वरून झडप खाली उघडते, दोघांत जागा राहिली पाहिजे. किती राहते ते बघायला पिस्टनवर मऊ मातीचा थर ठेवतात, वर हेड बसवतात, इंजिन हातानं हळू फिरवतात, मग हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. मोबाईलवर दिरांनी हे बघितलं होतं. त्या परदेशी माणसानं पोरांच्या खेळण्यातली रंगीत माती वापरली होती. दिरांना ते पटलं नाही. "इंजिनात चिखल घालणारा मानूस मी न्हाई. कणीक घेऊ." चाचा म्हणाले, भाकरीचं पीठ बरं. तर दीर चिडले. "पाव्हण्याला पहिल्या दिवशी भाकरी वाढत्यात व्हय? तीन वर्षांनी हेड घरात बसतंय. घरातल्यांना सांगा, पुरणपोळीला मळत्यात तशी कणीक मळा. तेल लावून, चांगली तिंबून."

मग ती कणीक मी मळली. आक्कांचे हात दुखायचे, म्हणून पोळ्यांचं सगळं माझ्याकडंच. आणि गाडीसाठी आहे म्हणून मी जीव ओतून मळली. दोनदा चाळलेलं गव्हाचं पीठ, तेल, मीठ नाही, अर्धा तास तिंबली आणि झाकून ठेवली. ताणली तर हातभर लांब यावी अशी. नवा कॅमशाफ्ट तुळईवरून उतरवून इंजिनात बसवलेला होता. दिरांनी ती पिस्टनवर थापली, चौघांनी हेड उचलून बसवलं, बोल्ट क्रमानं आवळले, इंजिन हातानं दोन फेरे फिरवलं. कुठं काही अडलं नाही. मग बोल्ट उलट्या क्रमानं सोडले, हेड उतरवलं, आणि दिरांनी हात धुतले, देवाला दिवा लावला, थोडं पाणी प्याले, तेव्हा कुठं पट्टी काढली. कणकेवर दोन झडपांचे दोन गोल ठसे उमटले होते. सुरीनं मधोमध कापून त्यांनी जाडी मोजली. एकदा, दोनदा, सातदा.

"दीड मिलिमीटर तर पाहिजेच. अडीच हाय," ते म्हणाले. तीन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. त्यांनी वहीतली ती चिंता खोडली. ते अर्धवट वाक्यसुद्धा.

संध्याकाळी मी ती कणीक कोंबड्यांना टाकायला उचलली. सवयीनं तिला अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला, आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून वर आला.

मी रोज कणीक मळते. तिंबलेली कणीक दाबली की मागं येते, हे मला माहीत नसेल तर कुणाला? पोळी लाटताना ती आक्रसते म्हणून आपण पुन्हा लाटतो. झडपेनं ती किती दाबली होती कोण जाणे. बोल्ट सोडेपर्यंत, हात धुईपर्यंत, दिवा लागेपर्यंत ती निवांत फुगली असणार, आणि दिरांनी ती फुगलेली मोजली. अडीच झडपेचं नव्हतं, माझ्या मळण्याचं होतं. माझ्या चांगल्या मळण्याचं.

मालकांना सांगितलं. ते हसले. "तू आता दादाला इंजिन शिकवनार व्हय?" मी म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तर म्हणाले, "तीन वर्षं मोजलंय त्यानं. कोंबड्यांची कणीक बघून मी त्याला खोटं पाडू? आन आज हसलाय गं तो." हेही खरं होतं.

मग आक्कांना सांगितलं. आक्का म्हणाल्या थांब, मी सांगते, आणि त्यांनी सांगितलं, पण त्यांचं सांगणं म्हणजे जेवताना ताट आपटत, "ते तुमचं कणकीचं माप खोटं हाय म्हनं." तीस वर्षं त्या दिरांच्या प्रत्येक मापाला खोटंच म्हणत आल्या होत्या. दीर शांतपणे म्हणाले, "बरं," आणि भाकरीची जाडी बघायला लागले.

शेवटी सकाळी ते ओट्यावर बसले असताना मी माझी जुनी वाट धरली. माठ आत होता, म्हणून कोंबडीला म्हटलं, मोठ्यानं, "अगं, कणकीवर कावून भरवसा ठेवतीस? ती दाबली तरी फुगून येती, लई लबाड असती ती." कोंबडी माझ्याकडं बघत राहिली. दीर थोडा वेळ ऐकत होते. मग आत वळून म्हणाले, "अगं, घरातल्यांना सांग, कोंबडीचं पोट बिघडलं असंल तर हळदीचं पानी पाजा." एकोणीस वर्षांतला आमचा तो पहिला गैरसमज.

तोवर चाचा आले. नवं पॅकिंग घालून हेड कायमचं बसवायचं होतं. चौघे हेडला हात घालत होते. मी चुलीवर पाणी ठेवलं होतं, ते उकळत होतं. मी ज्वारीचं पीठ घेतलं, उकळतं पाणी घातलं, हात भाजत होते तरी मळलं. ज्वारीला गरम पाणी लागतं, नाहीतर ती भेगाळते. पण ती एकदा दाबली की दाबलेली राहते. तिला रुसवा नाही आणि फुगवाही नाही. एका ताटलीत तो गोळा ठेवला, शेजारी उरलेल्या कणकेचा गोळा ठेवला, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि लिंबाखाली गेले. मी ताटली ट्रकच्या मडगार्डवर ठेवली.

"दादा," मी म्हणाले. माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. "कणीक मागं येती. ही न्हाई येत. ही घालून बघा."

मालक माझ्याकडं असे बघत होते की जणू ट्रकच बोलला. दिरांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते ताटलीकडं बघत होते. त्यांनी दोन्ही गोळ्यांवर दोन्ही अंगठे एकदम दाबले, उचलले, आणि वाकून बघत राहिले. ज्वारीतला खड्डा तसाच राहिला. गव्हातला हळूहळू भरून आला. त्यांनी पट्टी काढली आणि मोजलं. थोडं थांबून पुन्हा मोजलं. त्यांचं तोंड पडत चाललेलं मला पदराआडून दिसत होतं.

"चाचा," ते म्हणाले, "हेड खाली ठेवा."

"या अल्ला," चाचा म्हणाले, पण ठेवलं.

ज्वारीचा थर पिस्टनवर थापला. वर तेलाचा हात. हेड, बोल्ट, हातानं दोन फेरे. त्या दिवशी कुणी पाणी प्यायला गेलं नाही, कुणी दिवा लावला नाही. हेड उचललं. एका ठशाची जाडी कागदाएवढी होती. दुसऱ्या ठशाला मधोमध भोक पडलं होतं, आणि त्यातून पिस्टनचं लोखंड चमकत होतं. दिरांनी पट्टी खिशातून काढलीच नाही. भोकाला काय मोजणार?

ते तिथंच लिंबाच्या मुळावर बसले. मालक त्यांच्याजवळ जाऊन बसले. दीर त्या भोकाकडं बघत म्हणाले, "सोमवारी गेला असतास रे." मालक म्हणाले, "गेलो न्हाई ना पर." "मीच सोडला असता. मोजून." मग ते उठले, ट्रकच्या टपावरून पलीकडं कुठंतरी बघत म्हणाले, "घरातल्यांना सांगा..." आणि थांबले. "चहा टाका म्हनावं." मी आत पळाले. चहात साखर दोनदा पडली. त्या दिवशी कुणी तक्रार केली नाही.

जुना कॅमशाफ्ट परत बसवायला दोन दिवस गेले. चाचा सगळा वेळ बडबडत होते, "तीन साल का प्लान, और पास-फेल किया भाभी के आटे ने!" जुन्या कॅमशाफ्टवर नवं हेड मात्र नीट बसलं, ज्वारीनं तसा दाखला दिला. दीर म्हणाले, "आर्धा श्वास तर आर्धा." सोमवारी गाडी वेळेवर निघाली. घाटात त्या वळणावर ती थांबली नाही, दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत का होईना वर चढली. मालकांनी वर पोचल्यावर फोन केला तेव्हा दीर फोनवर एवढंच म्हणाले, "बोलू नको. इंजिनजवळ धर."

नवा कॅमशाफ्ट पुन्हा तेल लावून तुळईला गेला. पुढच्या वर्षी पिस्टनला खाचा पाडून घेऊन तो बसवायचा, असा नवा बेत सुरू झाला. पण दिरांच्या डोळ्यांत पडदा आला. ऑपरेशन झालं, तरी व्हर्निअरवरच्या बारीक रेघा त्यांना दिसेनात. माप दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी मोजणंच सोडलं. आक्कांनी एकदा मुद्दाम जाड भाकरी केली, तर ते ती मुकाट्यानं खाऊन उठले. त्या दिवशी आक्का पहिल्यांदा रडल्या. मग लेक-जावई येऊन दोघांना पुण्याला घेऊन गेले. जावयाच्या मोटरसायकलवरून नाही, मोटारीतून. दिरांनी जाताना व्हर्निअर खिशात घेतलं आणि वही माझ्यासाठी ठेवली, म्हणजे मालकांच्या हातात देऊन म्हणाले, "घरातल्यांकडं राहू दे."

त्याच वहीच्या उरलेल्या पानांवर मी हे लिहिते आहे. मागची पानं मी सगळी वाचली. पिस्टनला खाचा पाडायच्या बेताची तीन पानं आहेत, नव्या चिंता आहेत, आणि त्या तिन्ही पानांवर प्रत्येक ओळीशेजारी त्यांच्या वाकड्या होत गेलेल्या अक्षरात एकच शेरा आहे, "घरातल्यांना विचारून."

कॅमशाफ्ट अजून तुळईला आहे. पाहुणे अजून त्याला डोकं आपटतात. तिथं लसूण टांगायची सोय चांगली आहे, पण मी टांगत नाही.

सकाळी मालक गाडी काढायला लागले की पुण्याहून फोन येतो. मालक स्टिअरिंगवर असतात म्हणून फोन मीच घेते. पलीकडून कुणी बोलत नाही, मीही बोलत नाही. फोनला कुठं डोळे असतात, तरी माझा हात आधी पदराकडं जातो. मग मी फोन बॉनेटजवळ धरते, आणि इंजिन गरम होईपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहतो. ऐकून झालं की ते खोकतात, अंगणात यायच्या आधी खोकायचे तसे, आणि मी फोन खाली घेते.